मागच्या चाकाचे दफ्तर

जुन्या सायकलीचे वय तिच्या रंगावरून ओळखता येत नाही, कारण रंग कितीही वेळा चढवता येतो. खोगीर, मुठी, पॅडल ही तर पिढीपिढीला बदलणारी उपकरणे होत. परंतु मागचे चाक काढून, ज्या दोन खाचांत त्याचा आस बसतो त्यांच्या आतल्या अंगांमधले अंतर पट्टीने मोजले, की ती सायकल आपले जन्मदशक निमूटपणे सांगून टाकते. ते अंतर 120 मिलिमीटर भरले तर ती पाच दंतचक्रांच्या काळातली, म्हणजे बहुधा 1970 च्या दशकातली किंवा त्याआधीची. 126 भरले तर सहा किंवा सात चक्रांच्या पिढीतली. आणि 130 भरले तर आठ व त्याहून अधिक चक्रांच्या, अर्थात 1990 च्या सुमारास सुरू झालेल्या अंमलातली. इतिहाससंशोधक ज्याप्रमाणे कागदाची जात, मोडीचे वळण आणि शिक्क्याचा छाप पाहून तारीख नसलेल्या दस्तऐवजाचाही काळ ठरवतो, त्याचप्रमाणे हा चार-सहा मिलिमीटरांचा फरक वाचता येतो. आणि तो वाचण्याची सवय एकदा लागली, की जुन्या सायकलीचे मागचे चाक हे दुरुस्तीचे काम न राहता एक लहानसे दफ्तर होऊन बसते.

माझ्याकडे जे दफ्तर आले ते माझ्या मामांचे. विलायतेतील शिक्षण आटोपून परतताना त्यांनी जहाजाने आणलेली ती पोलादी शर्यती सायकल अनेक वर्षे पुण्यातील आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली उभी होती. तिला पुढे दोन आणि मागे पाच चक्रे, म्हणजे त्या काळच्या भाषेत ती ‘दहा गिअरची’. आणि आम्हां मुलांना त्या दहा या संख्येचा जो अचंबा वाटे तो आजही पुरता ओसरलेला नाही. ती पुन्हा रस्त्यावर आणावी, आणि शक्य तर कात्रजचा जुना घाट या वयातही बसल्या बैठकीने चढता येईल इतके तिचे मागचे गिअर सुधारावे, या हेतूने मी पाना हाती घेतला. परंतु प्रत्येक आटा सैल करताना तो तसाच का कापला गेला असावा हा प्रश्न आडवा येई, आणि त्याच्या उत्तरासाठी फ्रान्स, इटली, इंग्लंड आणि जपान अशी चार देशांची वाट चालावी लागे.

त्या वाटेचा आरंभ साखळीपासून करणे उचित. 1880 साली मँचेस्टर येथे हान्स रेनोल्ड याने रूळ बसवलेल्या साखळीचे एकस्व घेतले. पाच वर्षांनी स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ सायकलीने दोन सारख्या चाकांचा आणि साखळीने फिरणाऱ्या मागच्या चाकाचा आकृतिबंध रूढ केला, तो आजतागायत टिकून आहे. पुढे या साखळीच्या दोन लगतच्या खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच असा जो शिरस्ता पडला, तो दशमान पद्धतीच्या कट्टर पुरस्कर्त्या राष्ट्रांनीही मोडलेला नाही. जपानी कारखानदारांनी एकदा 10 मिलिमीटर अंतराची साखळी शर्यतीच्या सायकलींसाठी काढून पाहिली, परंतु तिला फारशी मुदत लाभली नाही. या अर्ध्या इंचाच्या अलिखित तहामुळेच शतकापूर्वीचे दंतचक्र आणि आजची साखळी यांची अजूनही गाठ पडू शकते.

साखळीनंतर आले फ्रीव्हील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा प्रसार होईपर्यंत सायकलीचे पॅडल चाकाशी जखडलेले असे, आणि उतारावर चाक धावू लागले की पायांनाही धावावे लागे. फ्रीव्हीलच्या पोटात स्प्रिंगवर टेकलेली दोन लहान पोलादी जिभाळी असतात, त्यांना आपल्याकडचे कारागीर ‘कुत्री’ म्हणतात. पुढे रेटा आला की ती आतल्या दात्यांना चावा घेऊन चाक ओढतात, आणि पाय थांबले की दात्यांवरून घसरत जातात. उताराला सायकलीचा जो टकटक नाद येतो तो या कुत्र्यांचा. हे बालवयात माझ्या आळीतल्या सायकलवाल्याने एक फ्रीव्हील उघडून, छर्रे रॉकेलच्या वाटीत सांडून मला दाखवले होते, आणि यंत्र या वस्तूविषयी मला जी आस्था आहे तिचे मूळ मी त्या वाटीत शोधतो.

परंतु एका चक्राच्या फ्रीव्हीलने चढाचा प्रश्न सुटत नाही. तो प्रश्न ज्याने आपल्या आयुष्याचा प्रश्न केला तो पुरुष म्हणजे पॉल द व्हिव्ही. 1853 साली जन्मलेला हा गृहस्थ रेशमाच्या व्यापारात होता. पुढे साँ-एतिएन या नगरात त्याने सायकलींचे दुकान थाटले आणि 1887 साली एक सायकलविषयक नियतकालिक सुरू केले, ज्यात तो ‘वेलोसिओ’ या नावाने लिहीत असे. साँ-एतिएन हे नगर फिती विणणाऱ्यांचे, कोळशाच्या खाणींचे आणि विशेषतः बंदुका घडवणाऱ्यांचे. शिवाय ते डोंगराच्या कुशीत वसलेले, म्हणजे गावाबाहेर पडावे तर चढच लागावा. मैदानात राहणाऱ्या माणसाला गिअरचा ध्यास लागला नसता. व्हिव्ही शाकाहारी होता, पहाटेच उठून शंभर-शंभर मैल हिंडणारा होता, आणि एकाच सायकलीवर निरनिराळ्या प्रमाणांची चक्रे हवीत, हा आग्रह तो आपल्या नियतकालिकातून वर्षानुवर्षे मांडत राहिला. आरंभी चक्राच्या दोन्ही अंगांना वेगळ्या साखळ्या लावणे, मग खाली उतरून हाताने साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणे, आणि अखेर चालत्या सायकलीवरच साखळीला रुळावरून ढकलून शेजारच्या चक्रावर चढवणे, अशी ही प्रगती त्याच्या आणि त्याच्या गावकऱ्यांच्या हातून झाली. फ्रेंच भाषेत या युक्तीला पडलेल्या ‘देरायर’ या नावाचा अर्थच मुळी ‘रुळांवरून घसरवणारा’ असा आहे. आगगाडीच्या बाबतीत जो अपघात, तो येथे हेतुपुरस्सर आणि लाभासाठी घडवला जातो.

त्याच गावात आणखी एक अद्भुत उपाय निघाला होता, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘इराँदेल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सायकलींत अशी योजना असे की पॅडल पुढे मारले तर जड गिअर लागे आणि उलटे, मागे मारले तर हलका. चढ आला की स्वार पाय उलटे फिरवू लागे आणि सायकल मात्र पुढेच जाई. याच सुमारास इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे रॅले कंपनीच्या आश्रयाने 1902 साली स्टर्मी-आर्चर हे तीन गिअरचे हब सिद्ध झाले, ज्यात सगळी चक्रे हबच्या पोटात बंदोबस्ताने ठेवलेली असत. ते चिखलापासून सुरक्षित, दीर्घायुषी आणि सभ्य होते. परंतु जे बंद असते ते सहज वाढवता येत नाही. उघड्यावर राहणाऱ्या, माती खाणाऱ्या, वरचेवर रुसणाऱ्या देरायरमध्ये मात्र तीनाचे चार, चाराचे पाच होण्यास वाव होता; म्हणून पुढचा इतिहास त्याचा झाला.

तो इतिहास घडायला मात्र एका माणसाची हरकत आडवी होती. आँरी देग्रांज याने 1903 साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली, आणि ती केवळ मनुष्याच्या स्नायूंची व निश्चयाची कसोटी असावी, यंत्राच्या चातुर्याची नसावी, असा त्याचा कटाक्ष होता. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, अशा आशयाचे त्याने 1902 मध्येच लिहून ठेवले होते. परिणामी आल्प्स आणि पिरेनीज यांच्या खिंडी चढणारे वीर, पायथ्याशी थांबून, चाक काढून, ते उलटे बसवत. कारण हबच्या एका अंगास जड चक्र आणि दुसऱ्या अंगास हलके चक्र असे, आणि गिअर बदलण्याची परवानगी होती ती तेवढीच. बर्फगार हवेत, बधिर बोटांनी, चाकाच्या पाकळीदार चाक्या सोडवणाऱ्या त्या स्वारांची छायाचित्रे पाहिली की माझ्या मनात आदराबरोबर विषादही दाटतो. श्रम हलके करणे म्हणजे पुरुषार्थ उणा करणे, ही समजूत मला कधीच पटली नाही. रहाटाला बैल जोडणाऱ्या शेतकऱ्याने पाणी खांद्यावरून वाहिले नाही म्हणून त्याच्या मळ्यातला ऊस कमी गोड होत नाही. देग्रांज 1936 मध्ये सूत्रे खाली ठेवून बाजूला झाला, 1937 साली बंदी उठली, आणि त्या वर्षी रोजे लापेबी हा स्वार देरायर लावलेल्या सायकलीवर विजयी झाला. व्हिव्ही हा दिवस पाहण्यास हयात नव्हता. 1930 च्या फेब्रुवारीत ट्रामचा धक्का लागून त्याचा अंत झाला होता. साँ-एतिएनबाहेरच्या ज्या खिंडीत तो नित्य चढत असे तेथे त्याचे स्मारक आहे.

बंदी उठल्यावर कारखानदारांत चढाओढ लागली. दिजाँ येथील लुसियाँ जुई याची ‘सिंप्लेक्स’ ही तर 1928 पासूनच बाजारात होती. इटलीत व्हिचेन्झा येथे तुल्लिओ कांपान्योलो याने 1933 साली कारखाना उभारला. तो स्वतः शर्यतीत भाग घेणारा होता, आणि 1927 च्या नोव्हेंबरात क्रोचे द’आउने खिंडीत गोठलेली चाकी सुटेना म्हणून शर्यत हातची गेली, तेव्हाच मागच्या चाकाचे काहीतरी केले पाहिजे हे त्याने मनाशी ठरवले, अशी आख्यायिका त्याच्या नावावर रूढ आहे. त्याचा ‘कांबिओ कोर्सा’ हा पहिला प्रसिद्ध गिअर आजच्या माणसास अंगावर काटा आणील असा: खोगिरामागे हात नेऊन एका दांडीने चालत्या सायकलीचे चाक सैल करायचे, पॅडल उलटे मारीत दुसऱ्या दांडीने साखळी सरकवायची, चाक खाचेतल्या दात्यांवरून आपोआप पुढेमागे होऊ द्यायचे, आणि पुन्हा आवळायचे. या यंत्रावर जिनो बार्ताली याने 1948 ची ‘तूर’ जिंकली. त्यानंतर दोनतीन वर्षांतच त्याच कारखान्यातून ‘ग्रान स्पोर्ट’ बाहेर पडला, ज्यात समांतरभुज चौकोनाच्या आकाराची एक बिजागरी साखळीला आतबाहेर नेत असे. माझ्या मामांच्या सायकलीवरील गिअर याच घराण्यातला. आणि आज बाजारात मिळणारा स्वस्तातला स्वस्त गिअरही त्याच चौकोनाचा वंशज आहे.

येथून कथा पूर्वेकडे वळते, आणि तिच्यातला एक विलक्षण योगायोग मला फार मोलाचा वाटतो. 1543 साली पोर्तुगीजांनी जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदुका नेल्या. गोव्यात तेव्हा त्यांचा अंमल बसून तीन दशके झाली होती. साकाई या बंदराच्या लोहारांनी त्या बंदुका पाहून तशाच घडवायला आरंभ केला, आणि ते नगर बंदुकांसाठी व सुऱ्यांसाठी प्रख्यात झाले. बंदुकीचे दिवस सरल्यावर याच लोहारांच्या वंशजांपुढे विलायती सायकली दुरुस्तीला येऊ लागल्या, आणि दुरुस्तीतून सुटे भाग घडवण्याचा धंदा उभा राहिला. साँ-एतिएन बंदुकांचे गाव. आपल्या वडिलांच्या पिढीला परिचित असलेली ‘बीएसए’ तर नावातच बर्मिंगहॅमची शस्त्रे घेऊन आलेली, जिच्या मुद्रेवर एकमेकींना टेकलेल्या तीन बंदुका असत. आणि साकाई हेही बंदुकांचेच. याचे कारण उघड आहे. पोलादाला पाणी देणे, लहान स्प्रिंगची ताकद नेमकी राखणे, केसाइतक्या सूक्ष्म अंतराने सरकणारी जिभाळी घडवणे, हे ज्या हातांना चापासाठी येत होते त्याच हातांना ते फ्रीव्हीलच्या कुत्र्यांसाठी साधले. शस्त्रशाळेतून सायकल निघावी, ही मनुष्यजातीच्या थोड्या सत्कृत्यांपैकी एक मी मानतो.

साकाई येथे शोझाबुरो शिमानो याने 1921 साली कारखाना काढला, आणि त्याची पहिली वस्तू फ्रीव्हीलच होती. त्याच परिसरातील माएदा या कारखान्याने, जो पुढे ‘सनटूर’ या नावाने ओळखला गेला, 1964 साली नोबुओ ओझाकी याच्या कल्पनेने तो चौकोन तिरपा बसवला. दिसायला हा फरक किरकोळ, परंतु मागची चक्रे एकापेक्षा एक मोठी होत जाणाऱ्या शंकूसारखी असल्यामुळे, सरळ चौकोन साखळीला काही चक्रांजवळ तर काहींपासून दूर ठेवी. तिरपा चौकोन त्या शंकूच्या उताराला धरून सरकू लागल्याने अंतर सर्वत्र सारखे राहिले. वीस वर्षे हे एकस्व माएदाच्या हाती होते. 1984 मध्ये त्याची मुदत सरली, आणि शिमानोने तोच तिरपा चौकोन घेऊन त्याला टप्प्याटप्प्याने अडकणाऱ्या दांडीची जोड दिली, जिचा एक खटका म्हणजे एक चक्र. तोपर्यंत दांडी घर्षणावर टिके. कुठे थांबायचे हे स्वाराने कानाने ओळखायचे असे, सरोदवादक जसा पडदे नसलेल्या पट्टीवर बोट थोडे पुढेमागे करून स्वर लावतो तसे. खटक्याच्या दांडीने ते कानाचे शिक्षण अनावश्यक केले, आणि शर्यतीच्या सायकलीवर कधी न बसलेल्या लाखो माणसांना गिअर वापरणे सुकर केले. मूळ कल्पक माएदाचा कारखाना मात्र त्यानंतर फार काळ तग धरू शकला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आपल्या देशात या घडामोडींचा पडसाद उशिरा आणि क्षीण उमटला. वरळीच्या हिंद सायकल्सपासून आसनसोलच्या सेन-रॅलेपर्यंत जे कारखाने उभे राहिले, त्यांनी दूध, टपाल, कापसाचे गठ्ठे आणि सबंध कुटुंबे वाहणारी एका चक्राची भारी सायकल घडवली, आणि त्या कामाला तीच योग्य होती. समजा, पुढे 44 दाते, मागे 18 आणि चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 5.4 मीटरच्या आसपास जाते. सपाटीवर हे हिताचे, घाटात मात्र उतरून ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा मान देण्याची प्रथा पडली, त्यावरून मागच्या चक्रांचे मोल येथील स्वारांनाही पुरते कळले होते, हे दिसते.

आता पुन्हा जिन्याखालच्या सायकलीकडे. जुने फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते, आणि स्वाराचा प्रत्येक रेटा त्याला अधिकच आवळतो. चाळीस-पन्नास वर्षांनंतर ते जणू एकजीव झालेले असते. ते सोडवण्यासाठी त्याच्या तोंडातील खाचांत बरोबर बसणारा पाना लागतो, आणि प्रत्येक कारखानदाराच्या खाचा निराळ्या. दोन खाचांच्या फ्रीव्हीलवर तो पाना आसाच्या चाकीने घट्ट दाबून न धरता जोर केला, तर खाचा तुटतात आणि मग ते फ्रीव्हील मोडल्याशिवाय निघत नाही. मी पाना व्हाइसमध्ये धरला आणि सबंध चाकच दोन्ही हातांनी, मोटारचालक चक्र फिरवतो तसे, डावीकडे वळवले. तीन दिवस तेल मुरवल्यावर ते एका मोठ्या आवाजासरशी सुटले. जुन्या कारागिरांचा एक जाबता येथे स्मरणात ठेवावा: चाकाच्या तारा नव्या घालायच्या असल्या तरी फ्रीव्हील आधी काढावे, कारण तारा कापल्या की पिळायला धरावे असे काहीच हाती उरत नाही.

त्याखाली दिसले ते आटे मी भिंगाने पाहिले. 1.37 इंच व्यास, इंचाला 24 आटे. हा इंग्रजी ठराव. फ्रेंचांचा ठराव 34.7 मिलिमीटरचा, म्हणजे इंग्रजीहून केवळ दशांश मिलिमीटरने लहान, आणि त्यामुळेच घातक. कारण इंग्रजी फ्रीव्हील फ्रेंच हबवर चढते, घट्ट झाल्याचा भास होतो, आणि एखाद्या चढावर आटे सोलून निघतात. पुढे इंग्रजी मापच जगाने स्वीकारले, आणि म्हणूनच आज नव्याने निघालेले सात चक्रांचे फ्रीव्हील माझ्या मामांच्या हबवर बसू शकते. ज्यांनी तह मोडून स्वतंत्र संस्थान थाटले त्यांची अवस्था वाईट झाली. 1980 च्या दशकात फ्रान्समधील मायार कारखान्याने ‘हेलिकोमातिक’ नावाचे, एका लहानशा चावीने सहज उघडणारे हब काढले. कल्पना सुरेख होती, परंतु त्यातले छर्रे लहान आणि दुबळे, आणि कारखाना थांबताच त्याची चक्रे कुठेही मिळेनाशी झाली. तशा सायकली आज वारस नसलेल्या इस्टेटीसारख्या आहेत.

शिमानोने 1978 मध्ये आणलेली व्यवस्था याहून निराळी. फ्रीव्हीलवर चक्रे वाढत गेली तसा आसाचा उजवा, आधार नसलेला भाग लांबत गेला, आणि आस वाकू वा तुटू लागले. म्हणून त्यांनी कुत्र्यांची यंत्रणा हबलाच जोडली आणि छर्रे बाहेरच्या टोकाशी नेले. आज बहुतेक ठिकाणी तीच पद्धत आहे. ती घ्यावी काय, याचा मी दोन महिने विचार केला, आणि अखेर जुने हब ठेवले. माझ्या वजनाला आणि माझ्या घाटाला ते पुरेसे आहे, आणि मामांनी ज्याला तेल घातले ते हब काढून टाकण्यास हात धजेना.

120 चे 126 करणे तेवढे उरले. हे फक्त पोलादी सांगाड्यालाच मानवते. ॲल्युमिनियम वाकवले तर तडकते. मागचा चिमटा दोन्ही अंगांनी तीन-तीन मिलिमीटर, थोडथोडा, मोजून, धीराने उघडायचा; मग एका खाचेपासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत दोरा ताणायचा आणि मधल्या उभ्या नळीपासून तो दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर आहे याची खातरजमा करायची. लांब आस घातला, चाकाचे आऊट काढले, आट्यांना ग्रीस लावून नवे फ्रीव्हील बसवले. पूर्वी सर्वांत मोठे चक्र 28 दात्यांचे होते, आता 34 चे आहे. पुढच्या 40 दात्यांशी त्याची जोडी लावली की एका फेऱ्याला तीन मीटरच्या ठिकाणी अडीच मीटर जावे लागते. त्यासाठी देरायरही लांब पायाचा घ्यावा लागला. साखळी अर्थात नवी, कारण जुनीचे बारा इंच मोजले तर ते सव्वाबारांकडे झुकले होते, आणि तशी साखळी नव्या चक्रांचे दाते महिन्याभरात खाऊन टाकते. दांडी मात्र मी घर्षणाचीच ठेवली.

जुने पाच चक्रांचे फ्रीव्हील मी रॉकेलमध्ये धुऊन, पुसून टेबलावर ठेवले आहे. मधली दोन चक्रे, ज्यांवर मामा रोज चालवीत, त्यांचे दाते एका बाजूने झिजून वाऱ्यातल्या लाटांसारखे झाले आहेत. सर्वांत मोठे, चढाचे चक्र जवळजवळ कोरे आहे. विलायतेतल्या लीड्सच्या टेकड्यांविषयी ते नेहमी बोलत, म्हणजे त्या त्यांनी उभे राहूनच चढल्या असाव्यात. फ्रीव्हील हातात धरून उलटे फिरवले, की आतली कुत्री अजून टकटक करतात.